दत्ताच्या पायाशी ‘श्वान’ की ‘सुणें’?

गोव्यातल्या साखळीहून एका वाचकाने विचारलंय: दत्ताच्या तसबिरीची माहिती लिहायची आहे, तर ‘चार श्वान’ लिहावं की ‘चार कुत्रे’? घरातली आजी त्यांना ‘सुणीं’ म्हणते. तो शब्द अशुद्ध म्हणून गाळावा का?

आधी आजीचा शब्द घेतो, कारण अन्याय त्याच्यावर होतोय. संस्कृतात मूळ शब्द ‘श्वन्’. प्रथमेत त्याची रूपं श्वा, श्वानौ, श्वानः. षष्ठीत मात्र शुनः आणि सप्तमीत शुनि. पहिल्या रूपांवरून मराठीने ‘श्वान’ घेतला. दुसऱ्या अंगापासून, म्हणजे ‘शुन्’पासून, ‘शुनक’ झाला, प्राकृतात तो ‘सुणअ’ झाला आणि कोकणीत ‘सुणें’, अनेकवचनी ‘सुणीं’. म्हणजे श्वान आणि सुणें एकाच आईची लेकरं. एक पोथीत राहिलं, दुसरं लोकांच्या तोंडी वाढलं. ‘कुत्रा’ मात्र या घराण्यातला नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या १८व्या श्लोकात ही दोन्ही अंगं शेजारी शेजारी भेटतात: ‘शुनि चैव श्वपाके च’. ‘श्वान’ म्हटलं की आपोआप मान दिला जातो, असं अनेकांना वाटतं. पण ‘श्वपाक’ म्हणजे कुत्रं शिजवून खाणारा, आणि हा शब्द माणसाला हीन ठरवायला वापरला गेला. आदर शब्दात नसतो, वाक्यात असतो. उलट भैरवाचं ‘श्वाश्व’ हे नाव पाहा: कुत्रा हाच ज्याचा घोडा, तो. तिथे तोच ‘श्व’ देवाच्या नावात बसला आहे.

गोव्यात हे कुळ आणखी एका वाटेने आलं. कुत्र्यासाठीचा पोर्तुगीज शब्द ‘कांव’ लॅटिन ‘कानिस’वरून आला, आणि कानिस हा श्वन्‌चा दूरचा भाऊबंद. १५४८ साली गोव्यात आलेल्या दोमिनिकन पाद्रींच्या नावावर ‘दोमिनी कानेस’, म्हणजे प्रभूचे कुत्रे, अशी जुनी कोटी आहे. संत दोमिनिकच्या चित्रांत तोंडात पेटती मशाल धरलेला कुत्रा असतो. प्लेगने आजारी पडलेल्या सां रोक या ख्रिस्ती संताला कुत्रा भाकरी आणून देई, म्हणून त्याच्या मूर्तीजवळही तो दिसतो. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रं पोळी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. ही गोष्ट सांगताना मी कधीच ‘श्वान’ म्हणणार नाही. त्या धावण्यातली माया ‘कुत्रं’ या नपुंसकलिंगी शब्दातच आहे.

तसबिरीसाठी मात्र ‘श्वान’ला माझी पसंती आहे, आणि ती ज्ञानदेवांमुळे. गीतेच्या त्याच श्लोकावर ते लिहितात, ‘ना तरी हे धेनु हें श्वान’. दत्तामागची गाय आणि पायाशी बसलेले, चार वेद मानले जाणारे कुत्रे, दोघं या एका चरणात आहेत. तेव्हा मजकुरात ‘चार श्वान’ लिहा, आणि लगेच पुढे ‘आमच्याकडे यांना सुणीं म्हणतात’ हेही लिहा.