आजी चिंचोके का टाकत नाही?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

काल कॉलवर आजी चिंच फोडताना दिसली आणि तू विचारलंस, चिंच बरणीत भरते ते ठीक, पण चिंचोके पिशवीत कशाला? तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहिते.

फाल्गुन-चैत्रात झाड झोडपून चिंच उतरवतात. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, ठेचून चिंचोका वेगळा करायचा. गराला मीठ चोळून गोळे केले की आमटीची वर्षाची सोय झाली. (गंमत म्हणजे त्या आमटीतली तूर आणि चिंच एकाच कुळातली, शेंगांच्या. चिंच मुळातली आफ्रिकेची, पण आपल्याकडे इतकी जुनी की ती परकी कुणाला वाटतच नाही.)

उरलेले चिंचोके विकले जातात. व्यापारी ते वजनावर घेतात, कारण त्यांच्या पिठाची खळ कापडाच्या आणि तागाच्या गिरण्यांत सुताला लावतात. पण मला जवळची आहे ती घोंगडीची खळ. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडे सणगर लोक घोंगडी विणतात. चिंचोके भाजून त्यांची साल काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवून चिकट खळ करायची. ती कुंच्याने लोकरीच्या ताण्याला लावली की सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही. नवी घोंगडी म्हणूनच इतकी कडक लागते. पावसात मेंढरांमागे हिंडणारा धनगर तिचीच खोळ डोक्यावर घेतो. त्याच्या अंगावरच्या त्या उबेत चिंचोक्याचाही वाटा आहे, सोनू, आणि आजीला हे पक्कं ठाऊक आहे. तिच्या माहेरी माग होता.

आजी थोडे चिंचोके भाजून खायलाही ठेवते. दाताला फार कठीण, तू नको खाऊस.

आणि खेळायला! चिंचोका फोडला की दोन डाळिंब्या होतात. त्यांची आतली बाजू दगडावर घासून सपाट करायची: एक बाजू काळी, एक पांढरी. अशा चार डाळिंब्या म्हणजे आमचे फासे. चारही पांढऱ्या पडल्या की चार घरं, चारही काळ्या पडल्या की आठ. एखादी नीट घासलेली नसली की तीवरून भांडणं व्हायची.

लेस्टरच्या दुकानात बियांसकट चिंचेची वडी मिळते, ती आणलीय. शनिवारी मागच्या पायरीवर घासायला बसू. पट मी आखते, सोंगट्यांना तुझी बटणं काढून ठेव.

तुझी आई