ताई, पोर्टफोलिओसाठी ४५ हजार भरू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी तासगावची, वय २०, सांगलीत बीकॉम सेकंड इयरला आहे, रोज एसटीने येजा करते. मला लहानपणापासून अॅक्टिंगची खूप आवड आहे, गॅदरिंगला दरवर्षी स्टेजवर असतेच, रील्स पण टाकते. मागच्या महिन्यात मुंबईच्या एका कोऑर्डिनेटरचा मेसेज आला की फोटो बघून तुम्ही सिलेक्ट झालाय, मोठ्या चॅनेलच्या सिरीयलमध्ये हिरोइनच्या बहिणीचा रोल आहे. पण आधी त्यांच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करायचा आणि आर्टिस्ट कार्ड काढायचं, सगळे मिळून ४५ हजार. शुक्रवारपर्यंत भरले नाहीत तर रोल दुसरीला देणार म्हणतात. आई भिशीचे पैसे द्यायला तयार आहे, पप्पांना अजून सांगितलं नाही. माझी हाइट ५ फूट २ इंच, रंग सावळा आणि भाषा गावाकडची, त्यामुळे परत असा चान्स मिळेल का याची भीती वाटते. काय करू?

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी तुला कळवलं होतं की एक रुपया भरू नकोस, आणि तू भरला नाहीस हे कळल्यावर खरंच जीव भांड्यात पडला. पण असाच मेसेज आलेल्या अजून कितीतरी मुली असणार म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी काम कसं मिळतं ते बघ. सिरीयलचं कास्टिंग करणाऱ्या माणसाला एक पात्र पाहिजे असतं, तो ऑडिशन घेतो, ती फुकट असते, मग दोनचार जणींची लूक टेस्ट होते, म्हणजे त्या पात्राच्या वेशात कॅमेऱ्यासमोर बघतात, चॅनेल बघतं, मग एकीचं नक्की होतं. नुसता फोटो बघून हिरोइनची बहीण कुणी ठरवत नाही गं. कोऑर्डिनेटर खरा असेल तर त्याचं कमिशन तुझ्या मानधनातून जातं, म्हणजे तू काम केल्यावर, आणि टीव्हीत तर ते मानधनच बऱ्याचदा तीन महिन्यांनी हातात पडतं. पैसा तिकडून तुझ्याकडं यायचा असतो. जिथं तो उलटा वाहायला लागला तिथं तुला काम द्यायचंच नाहीये, तुझ्या आईची भिशी पाहिजे आहे. आणि ते आर्टिस्ट कार्ड, कलाकारांची सिंटा नावाची संघटना आहे, तिचं सदस्यत्व असतं हे खरं, पण ते संस्थेकडं स्वतः अर्ज करून घ्यायचं, कुणाच्या गुगल पेवर पैसे टाकून नाही. शुक्रवारची मुदत तर फक्त तू पप्पांना विचारू नयेस म्हणून घातलेली.

मला हे इतकं लागतं कारण मी स्वतः यातून गेलेय. २१ वर्षांची होते, वडिलांनी सोसायटीतून काढलेले १२ हजार घेऊन मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसले, सकाळी मुंबईत, अंधेरीच्या एका ऑफिसात भरपूर फोटो काढले, पावती मागायचं धाडस झालं नाही. पंधरा दिवसांनी परत गेले तर दाराला कुलूप आणि बाहेर माझ्यासारख्याच तीन मुली. त्या पैशापेक्षा वडिलांनी एका शब्दानं विचारलं नाही याचंच जास्त वाईट वाटलं, अजून वाटतं. त्यामुळं पप्पांना सांग. आजच सांग. ते रागावले तरी चालेल.

उद्या कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. आणि ऑडिशन हॉटेलच्या रूमवर कधीच नसते, बोलावलं तर जायचं नाही. जिथं जाशील तिथं पहिल्यांदा सोबत कुणाला तरी घेऊन जा, चांगल्या माणसाला त्यात काही गैर वाटत नाही.

आता फोटोचं. सुरुवातीला तुला ४५ हजार काय, चारशे पण लागत नाहीत. सकाळच्या उन्हात गच्चीवर किंवा खिडकीजवळ मैत्रिणीला मोबाइलवर काढायला सांग. एक चेहऱ्याचा क्लोजअप, एक कमरेपर्यंत, एक पूर्ण उभा, डावी आणि उजवी बाजू. फिल्टर नको, जाड मेकअप नको, कास्टिंगवाल्याला तू कशी दिसतेस ते बघायचं असतं. एक इंट्रो व्हिडिओ कर, मोबाइल आडवा धरून, मागं साधी भिंत, नाव, वय, हाइट, गाव, कुठल्या भाषा येतात, बास. सीन पाठवायचा असेल तर समोरचे डायलॉग दुसऱ्या कुणाला तरी कॅमेऱ्यामागून वाचायला लाव, म्हणजे तुझी नजर बरोबर राहते. काम मिळायला लागलं की चांगल्या फोटोग्राफरकडून काढ, तो आपण निवडायचा.

हाइटचं खरं सांगते. रॅम्पवर मुलींना साधारण ५ फूट ८ इंचाच्या पुढं मागतात, ते तुझ्यासाठी नाही, त्यात वर्षं घालवू नकोस. पण साड्यांची दुकानं, सराफ पेढ्या, कॅलेंडर, जाहिराती यांना चेहरा आणि वावर लागतो, आणि टीव्हीला तर हाइटनं काही अडत नाही. रंगाबद्दल तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. सावळा रंग ही तक्रार नाही. गोरं व्हायची बिनलेबलची क्रीमं मात्र चुकूनसुद्धा लावू नकोस, त्यात बऱ्याचदा पारा असतो आणि त्यानं किडनी खराब झालेल्या पोरी आहेत.

आणि भाषा! अगं ती तर तुझी कमाई आहे. गावाकडची गोष्ट असलेल्या सिरीयली येतात तेव्हा पुण्यामुंबईच्या मुलींना ‘आलायसा’ म्हणायला शिकवावं लागतं, तुझ्या तोंडात ते जन्मापासून आहे. प्रमाण भाषा पण शीक, रोज पेपरचा एक कॉलम मोठ्यानं वाच, ण आणि न, ळ आणि ल स्वच्छ कर, पण तासगाव पुसून टाकू नकोस. दोन्ही आलं पाहिजे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तू रोज ज्या गावात एसटीतून उतरतेस ती नाट्यपंढरी आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीच्या राजांसमोर, मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून धरतात. नाटककार देवल शेजारच्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे. सई ताम्हणकर पण आपल्या सांगलीचीच. आणि तू काम मिळवायला मुंबईच्या अनोळखी माणसाला पैसे देणार होतीस! दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, त्याच्या पुढंमागं हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी ठिकठिकाणी चालू असतात. भावे नाट्यमंदिरात जा, स्पर्धेतलं नाटक बघ, संपल्यावर आत जाऊन सांग मला काम करायचंय, काहीही. पहिल्या वर्षी कदाचित प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळायला लावतील, प्रॉम्प्टिंग करायला लावतील, कर. बॅकस्टेजला बसून पंचवीस वेळा तोच सीन बघताना जे कळतं ते रील्समधून कळत नाही, कारण रीलमध्ये तू तीस सेकंद सुंदर दिसतेस आणि स्टेजवर दुसरा बोलत असताना तुला नुसतं ऐकत उभं राहायचं असतं, ते फार अवघड आहे.

बीकॉम पूर्ण कर. दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, पदवी लागते आणि किमान सहा नाटकांचा अनुभव मागतात, तो तुला सांगलीतच मिळेल. पुण्याचं ललित कला केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाट्यशास्त्र आहे, तासगावहून लांब नाही. आपल्याला हे जमेल का, ते दोन नाटकं केल्यावर तुझं तुलाच कळेल, मग मला परत लिही.

प्रश्न: माझी मुलगी ७ वर्षांची आहे, आम्ही मिरजेचे. एका सिरीयलसाठी तिची निवड झाली आहे, घरच्यांचं म्हणणं शाळा एक वर्ष बुडाली तरी चालेल. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: वहिनी, अभिनंदन, पण शाळा बुडवायची नाही, तसा कायदाच आहे. लहान मुलांना कलाकार म्हणून काम करता येतं पण दिवसात ५ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त तर नाहीच. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढलेली असली पाहिजे, ती तुम्ही मागून बघा. कमाईतले कमीत कमी २० टक्के तिच्या नावावर फिक्स डिपॉझिटमध्ये गेले पाहिजेत. हे सगळं अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या आणि सेटवर तुम्ही किंवा तिचे बाबा थांबा. रात्री तिला झोप आली आणि शूट चालू असेल तर उचलून घरी आणायची. ती सात वर्षांची आहे, तिला ‘नको’ म्हणता येत नाही, ते तुम्ही म्हणायचं.

प्रश्न: ताई मी कोरेगावचा, वय २३, सातारा एमआयडीसीत नोकरी. हाइट ५ फूट ५ इंच. राजीनामा लिहून ठेवलाय, मुंबईला जायचं पक्कं आहे. बरोबर करतोय ना?

उत्तर: दादा, अजून देऊ नकोस. सयाजी शिंदे आपल्या साताऱ्याचेच, वेळेकामथीचे. पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी करत त्यांनी नाटकं केली, आणि हाइटचं म्हणशील तर त्यानं काही अडत नाही. तुझ्या तर दारात शूटिंग आहे, वाई, मेणवलीचा घाट, तिथं वर्षानुवर्षं हिंदी मराठी पिक्चर होतात. सुट्टीच्या दिवशी ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून, म्हणजे गर्दीतल्या माणसाचं काम करायला, जा, सकाळी सहाचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, काय असतो, एका शॉटसाठी चार तास उन्हात थांबणं काय असतं ते अंगानं बघ. साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात कुठला ग्रुप तालीम करतो विचार. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि एखादं तरी नाटक नावावर लागलं की मग मुंबईचं तिकीट काढ. तोवर तो राजीनामा कपाटातच राहू दे आणि सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्याचं तालमीचं काय करायचं ते आधी सुपरवायझरशी बोल.