नवी बॅटरी, तरी सेल्फ फिरेना

प्रश्न : काका, आमची पेट्रोल गाडी २०१४ ची आहे. पावसाळ्यात सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ होतं, सेल्फ फिरत नाही. हेडलाइट मात्र लख्ख लागतात. नवी बॅटरी टाकून झाली. आता गॅरेजवाले सेल्फच बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : थांबा, इतक्यात नको. हेडलाइट लागले म्हणजे जोड धड आहेत असं नाही. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, सेल्फ शंभराच्या वर ओढतो. गंजलेल्या जोडातून दहा निभावतात, शंभर अडकतात.

तुम्ही बंदरावरचे, म्हणून मला पहिला संशय अर्थिंगचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. बॉडीशी आणि बॅटरीच्या निगेटिव्हशी ते जोडलेलं असतं अर्थच्या जाड वायरीने किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने. खारा वारा तिच्या नटाखाली शिरतो, मीठ ओल धरून ठेवतं आणि पावसाळाभर तो जोड सुकतच नाही. वरून पट्टी चांगली दिसते, नट काढला की खाली हिरवी भुकटी! दापोलीच्या गाड्यांत मला हे क्वचित दिसतं, हर्णै-मुरुडकडच्या गाड्यांत दर पावसाळ्यात.

घरी बघायचं तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.५ च्या आसपास हवी. मग मीटरचं एक टोक निगेटिव्हच्या शिशाच्या खांबावरच धरा, क्लॅम्पवर नको. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. घरातल्या कुणाला तरी चावी फिरवू द्या. आकडा अर्ध्या व्होल्टवर गेला तर दोष अर्थिंगचा. मीटर नसेल तर जंपर केबलची एकच वायर निगेटिव्हवरून थेट इंजिनाच्या धातूला लावा, फिरत्या पट्ट्यापासून लांब. गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झालं.

मग आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, पट्टीची दोन्ही टोकं आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, नट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. पट्टीचे धागे तुटले असतील तर नवीच घाला, सेल्फच्या मानाने ती फार स्वस्त पडते.

एवढं करूनही ‘टक्’च होत असेल, तर बॅटरीकडून सेल्फला जाणाऱ्या जाड पॉझिटिव्ह वायरीचे जोड असेच तपासा. तेही स्वच्छ निघाले तरच सेल्फ उतरवू द्या, आणि तेव्हाही आधी कार्बन ब्रश बघायला सांगा. पुष्कळदा तेवढे बदलून भागतं.