कुंपणाला कोयनेलच लावा

बेळगाव जिल्ह्यात अथणीकडं पाण्याची ओढ असताना कुंपणाला नाजूक शोभेची झाडं कशाला? कोयनेल लावा. पानं बारमाही हिरवी आणि कडू, त्यामुळं शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. रोपं विकत आणू नका. कुणाच्या कुंपणाची छाटणी चालली असेल तिथून पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या मागून घ्या. मृगाचा पाऊस लागला की फूटभर खोल चर काढून शेणखत-माती भरा, आणि फूटफूट अंतरानं काड्या निम्म्याअधिक मातीत खोचा. त्याच जिल्ह्यात खानापूरकडं पाऊस धो-धो, तिथं चरात पाणी साचलं तर काड्या कुजतात. माती वर चढवूनच लावा.

पहिला उन्हाळा मात्र पाणी द्यायलाच हवं: आठवड्यातून एकदा, पण मुळापर्यंत. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात.

बहुतेकजण उंचीची घाई करतात, म्हणजे न छाटताच रोप वाढू देतात. रोप गुडघ्याएवढं होताच शेंडा खुडा, फांद्या फुटल्या की पुन्हा खुडा. खाली रुंद, वर अरुंद असा आकार ठेवा, नाहीतर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बुंधे उघडे पडतात. गुरं घुसायचीच भीती असेल तर बाहेरून करवंदाची एक ओळ. वाढते सावकाश, पण काटे आहेत, करवंदंही मिळतील.