आकृत्या सुरेख, तरी रक्तदाब चुकला

प्रश्न : मॅडम, मी शाळेच्या वरच्या वर्गात आरोग्यसेवा हा विषय शिकते. लेखी परीक्षेत कायम पहिली असते. एका चाचणीत माझी शिकण्याची पद्धत ‘दृश्य’ आली, तेव्हापासून मी सगळा अभ्यास रंगीत आकृत्या काढूनच करते. पण परवा प्रात्यक्षिकात रक्तदाब साफ चुकला. माझी पद्धतच चुकते आहे का?

उत्तर : बाळ, मी बरीच वर्षं वॉर्डात नर्स होते, आता तुझ्या वयाच्या मुलांना शिकवते. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीला सिस्टॉलिक (पहिला ठोका ऐकू येतो तेव्हाचा, वरचा रक्तदाब) म्हणजे काय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पण तिनं पंपाचा स्क्रू असा भसकन सोडला की काटा सरसर खाली आला आणि पहिला ठोका निसटलाच. हवा सोडताना काटा सेकंदाला २-३ मिलिमीटरच उतरू द्यायचा, हे तिच्या वहीत हिरव्या शाईनं अधोरेखित केलेलं होतं! मग स्टेथोस्कोप बाजूला ठेवून, गुंडाळलेल्या टॉवेलला पट्टा बांधून तिला दोन दिवस फक्त हवा सोडायला लावली. सेकंद मी मोजत होते. तिसऱ्या दिवशी ठोका सापडला.

तुझ्या चाचणीतून तुझी आवड कळते, एवढंच. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. आवडत्या पद्धतीनं शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. ठोके कानानंच शिकावे लागतात, मग चाचणी काहीही म्हणो.

आकृत्या सोडू नकोस, फक्त वही मिटून काढ. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. हुशार मुलं इथेच फसतात, असं मला वाटतं. पान ओळखीचं दिसलं की त्यांना सगळं आलंसं वाटतं. हृदयाच्या चारही झडपा मनानं काढ आणि चुकेल तेवढंच रंगव.

रक्तदाबासाठी बाईंना दोघांनी एकदम ऐकायचा स्टेथोस्कोप आहे का विचार. दोघींनी न बोलता आपापला आकडा कागदावर लिहा, मग ताडून बघा.