वाचकांचे प्रश्न : अ‍ॅप काढून टाकली तरी बॅटरी का संपते?

प्रश्न : सकाळी सहाला पूर्ण चार्ज केलेला मोबाइल शेतात दुपारी दोनलाच बंद पडतो. घरी असलो की तोच रात्रीपर्यंत टिकतो. वापर झाला की प्रत्येक अ‍ॅप वर सरकवून काढून टाकतो. बॅटरी बदलावी का?
– एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : एवढ्यात नको. बॅटरी उतरली असती तर घरीही टिकली नसती. संशय रेंजवर घ्या. टॉवर लांब असला की मोबाइल जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि सारखं नेटवर्क शोधत बसतो, खिशात नुसता पडून असला तरी. शेतात उभं राहून सेटिंग्जमधल्या अबाउट फोन, सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा बघा. फोरजीवर उणे ९० च्या आसपास असेल तर ठीक. उणे ११५ म्हणजे फारच कमजोर. फाइव्हजी येत-जात असेल तर 'प्रिफर्ड नेटवर्क' फोरजीवर ठेवा. टूजीवर नेऊ नका, जिओचं सिम तर टूजीवर चालतच नाही.

अ‍ॅप सरकवण्याची सवय मात्र सोडा. मागे थांबलेलं अ‍ॅप बहुतेक वेळा रॅममध्ये गोठलेलं असतं, प्रोसेसरला जवळपास हात लावत नाही. ते काढून टाकलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं आणि त्यातच जास्त बॅटरी जाते. शिवाय जे खरोखर मागे चालतं, ते सरकवल्यावरही पुन्हा जागं होतं. त्याला सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी युसेजमध्ये पकडा. स्क्रीनवर दहा मिनिटं आणि बॅकग्राउंडला तीन तास, असं अ‍ॅप दिसलं की त्यावर बोट ठेवून 'रिस्ट्रिक्टेड' करा. खरेदीची, गेमची अ‍ॅप बिनधास्त करा. शाओमी, व्हिवो, रियलमीत 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं, तेही बंद करा. लोकेशन 'अ‍ॅप वापरताना'वर आणा.

यातून तीन अ‍ॅप वगळा: व्हॉट्सअ‍ॅप, मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचं अ‍ॅप आणि वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी'. रिस्ट्रिक्टेड केलं की इशारा उशिरा येतो किंवा येतच नाही. चार टक्के बॅटरीसाठी हा सौदा परवडणारा नाही.

प्रश्न : बॅटरी वाचवणारं अ‍ॅप टाकू का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : नको. इतर अ‍ॅप बंद करत राहण्यासाठी ते स्वतःच मागे चालू राहतं, वर जाहिराती. मोबाइलमधलाच 'बॅटरी सेव्हर' वीस टक्क्यांवर आपोआप सुरू होईल असा लावा.

प्रश्न : मे महिन्यात ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावलेला मोबाइल मध्येच चार्ज व्हायचं थांबतो. चार्जर खराब आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : बहुधा नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर तापली की मोबाइल चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, आणि ते बरंच आहे. तापलेल्या अवस्थेत भरलेली बॅटरी कायमची क्षमता गमावते. कव्हर काढा, मोबाइल सावलीत ठेवा, निवल्यावर लावा. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताच आत पाणी धरतं.