डबे सुरू करायचे तर जूनमध्ये

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. रत्नागिरीत जेवणाचे डबे सुरू करायचे म्हणतेस, आणि घरच्यांचं म्हणणं की दिवाळी होऊ दे, पर्यटक यायला लागले की मुहूर्त कर. मला ते अजिबात पटत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू कर, भर पावसात.

पर्यटक डबा लावत नाही गो. तो गणपतीपुळ्याला जातो, वाटेत कुठेतरी सुरमई थाळी खातो नि आपल्या वाटेने जातो. डबा लावतो तो बदलीवर आलेला माणूस. सरकारी बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. जूनमध्ये तो जिल्हा परिषदेत नाहीतर जयस्तंभाजवळच्या कचेरीत हजर होतो, आणि बायकोमुलं मागे साताऱ्याला नाहीतर सोलापूरला, कारण मुलांच्या शाळा. कॉलेजची मुलंही त्याच सुमाराला खोल्या घेतात. सिव्हिलमधल्या पेशंटचे नातेवाईक तर बाराही महिने. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या गावात रात्री आठ वाजता छत्री घेऊन जेवायला बाहेर पडायची कुणाला हौस नसते.

दुसरं कारण मासळीचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. मिरकरवाड्याच्या बंदरात शुकशुकाट, जे काही मिळतं ते खाडीचं, आणि महाग. मग श्रावण लागतो. म्हणजे सुरुवातीचे महिने शाकाहारी डबा दिलास तरी कोणी तोंड वाकडं करणार नाही, आणि तेवढ्यात तुझा हात बसेल. मधेच चव म्हणून सुकटीची चटणी, सोड्यांची म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची खिचडी. त्यासाठी मे महिन्यातच आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी कर: सोडे, सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, कोकमं, कडधान्य, मिरची-मसाला. मसाला कडकडीत उन्हात वाळवून बरणीत भरलास तरच टिकेल. जुलैत बुरशी धरली तर अख्खी बरणी जाते.

आता हिशेब. समज, एका डब्याचे ८० रुपये. सुरमई समज ८०० रुपये किलो. डोकं, शेपूट, आतलं काढून वजन कर, मग कळेल. जेमतेम आठ तुकड्या होतात. म्हणजे तुकडी शंभराला पडली, तेल-मसाला वेगळाच. ८० रुपयांच्या डब्यात सुरमई कशी बसणार? बांगडा बसतो. २०० रुपये किलोचा धरला आणि किलोत सात आले, तर एक अठ्ठावीस-एकोणतीस रुपयांना पडला. तोही रोज नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार यांतला एखादा वार धर आणि त्या दिवसाचा दर वेगळा सांग. लोक देतात.

पोळ्यांचा हिशेब तर कोणीच करत नाही. बारा माणसं, दोन वेळा, डब्यात तीन पोळ्या: दिवसाला ७२. हे एकट्या बाईच्या हातून होतं. चाळीस माणसं घेतलीस की २४०. तिथे पोळ्या लाटायला बाई लागते, ती नगावर पैसे घेते, आणि तिच्या घरी कार्य निघालं की तू अडकलीस. म्हणून पहिला गणपती होईपर्यंत बारावर थांब. महिन्याचे २६ दिवस धरले तर बारा माणसांचे ४९,९२० रुपये जमतात. त्यातून शिधा, गॅस, पेट्रोल, पाण्याचं बिल वजा कर. उरतं ते बघून पुढचं ठरव.

गॅसवरून आठवलं. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी घरातून स्वयंपाक केलास तरी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, आधार-पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट असते. कोणी हजार रुपये मागितले तर नमस्कार करून उठ. जीएसटीची सेवेसाठीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. चाळीस माणसं, दोन वेळा, ८० रुपये, २६ दिवस, बारा महिने मांडून बघ: १९,९६,८००. म्हणजे चाळिसाव्या माणसाला हो म्हणायच्या आधी हिशेबनिसाला भेट.

कर्जाची घाई नको. घ्यायचंच असेल तर सुरू करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जा, कारण रोजगार निर्मितीच्या योजना नव्या उद्योगालाच मिळतात. शहरातल्या बाईमाणसाला २५ टक्के अनुदान हे खरं, पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता तुझ्याच डब्यातून जायचा.

उधारी तर मुळीच नको. बदलीचा माणूस जसा येतो तसा जातो. पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ, डब्यांची अनामत वेगळी. प्रत्येकाला दोन डबे धर, कारण सकाळचा डबा संध्याकाळी परत येतो आणि पुष्कळदा न घासलेला. डबा बंद असेल तर आदल्या रात्री आठच्या आत कळवायचं, हे पहिल्या दिवशीच तोंडावर सांग. नंतर सांगायला जीभ उचलत नाही.

फिरायचा टप्पा एकच ठेव. जयस्तंभ ते मारुती मंदिर आणि आजूबाजूच्या आळ्या एवढंच. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून मागणी येईल, शिरगावातून येईल, दोन्ही दोन दिशांना. पावसात स्कूटर घेऊन चढ-उतार करत गेलीस तर एकाची आमटी गार आणि दुसऱ्याची सांडलेली.

आणि वीज. वारा सुटला की लाइट जाते, कधी दुपारपर्यंत येत नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटण मिक्सरवर अवलंबून ठेवू नकोस. आजीचा पाटा-वरवंटा माळ्यावर असेल, तो खाली काढून छिन्नीने टाकी लावून खरखरीत करून घे. टाकीवाले पावसात फिरकत नाहीत, म्हणून हे मेमध्येच उरक. फ्रीजमध्ये दोन दिवसांचं वाटण साठवण्याचा मोहही नको, लाइट गेली की पहिलं तेच आंबतं.

गणपतीत पाच-सात दिवस डबे बंदच धर, कारण ज्याचं त्याचं गाव असतं आणि तुलाही घरचे मोदक करायचे असतील. मे महिन्यात मुलं घरी जातात तेव्हाही हात आखडलेलाच राहील. वर्षाचे दहा महिने धरून हिशेब पुन्हा मांड आणि येत्या रविवारी कागद घेऊन ये. येताना वजनकाटाही आण, आपण सकाळी बाजारातून एक बांगड्याचा वाटा आणून तोलून बघू.

तुझी,
काकू